उद्घाटनाची चढाई

आमच्या शाळेच्या मैदानाला लागून, कडुनिंबाखाली, एक लोखंडी खुर्ची असायची. ती पी.टी. सरांची. तिच्यावर हवा भरायचा पंप असे, व्हॉलीबॉलची फाटकी जाळी असे, पोरांचे स्वेटर असत, आणि कधीकधी गावातली एखादी शेळी तिच्यावर पुढचे पाय टेकवून निंबाचा पाला ओरबाडत असे. सर सोडून सगळे त्या खुर्चीचा उपयोग करत. मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "सर, खुर्ची तुमचीच ना? मग बसत का नाही?"

"बसलं का माणूस प्रेक्षक होते, मॅडम," ते म्हणाले. मग पंप उचलून बाजूला ठेवला. "तुमी बसा."

मी बसले. यात आपला अपमान झालाय हे मला घरी गेल्यावर, मेथी निवडताना कळलं. सरांच्या बोलण्याचं असंच होतं. ते लागायला वेळ लागे.

आमचं गाव रोहण्याच्या पुढे, रस्ता सोडून जरा आत. मी वर्ध्याहून पुलगावला गाडी बदलून येत असे, त्यामुळे शाळेत पोचेपर्यंतच माझी अर्धी ताकद संपलेली असायची. सर मात्र पहाटेपासून मैदानावर असत. बेताची उंची, पोट नावाला नाही, डोक्यावर पांढरी टोपी आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्या बुटांना ते रोज खडू घासत. स्टाफ मीटिंगलाही ते दाराला टेकून उभेच राहायचे. हेडमास्तर आधी "बसा" म्हणत, मग "बसा की हो" म्हणत, आणि शेवटी सर दिसणार नाहीत अशा बेताने खुर्ची वळवून मीटिंग चालवत.

त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला एक पितळी शिट्टी असे. तोंडाने बोलण्यापेक्षा ते शिट्टीनेच जास्त बोलत. एक आखूड शिट्टी म्हणजे शिपायाने चहा आणावा. दोन आखूड म्हणजे बॉल विहिरीकडे चाललाय. लांब शिट्टी म्हणजे जो जिथे असेल तिथे थांबा. एकदा त्यांनी लांब शिट्टी मारली आणि रस्त्यावरून चाललेली एसटी थांबली. ड्रायव्हर त्यांचाच जुना विद्यार्थी होता. प्रवासी ओरडायला लागले तरी सरांनी दुसरी शिट्टी मारेपर्यंत त्याने गाडी हलवली नाही.

लग्नात ते शिट्टी शर्टाच्या आत ठेवत, पण फार वेळ ती तिथे टिकत नसे. पंगत वाकडी बसली की त्यांना घास जात नसे. शिट्टी वाजायची आणि नवऱ्याच्या मामासकट सगळी ओळ मांडी न सोडता सरकत सरकत सरळ व्हायची. निवडणुकीच्या ड्यूटीवर त्यांनी मतदारांची रांग उंचीप्रमाणे लावली होती, बुटके पुढे आणि उंच मागे. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या आधी मत देऊन घरी गेल्या, त्या सरांना दुवा देत होत्या. सगळ्यात उंच माणूस सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन उभा होता, त्याचा नंबर संध्याकाळी लागला. त्याने तक्रार केली तेव्हा सर म्हणाले, "तुले मागून बी दिसते ना गा सगळं. मंग?"

घरी मात्र शिट्टी नव्हती. दारात पाय ठेवला की ते ती गळ्यातून काढून बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, हातात देत आणि काकू ती खिळ्याला अडकवत. मी एकदा याचं कारण विचारलं. "घरचे पंच अलग आहे," एवढंच ते म्हणाले. काकू आतून हसल्या.

नवीन माणूस दिसला की सर त्याला खालून वर न्याहाळत आणि तो कोणता खेळ आहे ते ठरवत. कोणता खेळ खेळतो ते नाही, कोणता खेळ आहे ते. हेडमास्तर म्हणजे संगीत खुर्ची. "बोला ना त्यायच्याशी, एक कान राह्यतेच तिकडं, गाणं कदी थांबते म्हून." विज्ञानाचे सर गोळाफेक, कारण दिलेलं काम लवकरात लवकर स्वतःपासून लांब कसं जाईल एवढंच ते बघत. मोठ्या आशेने मी माझं विचारलं. सरांनी मला नीट पाहिलं.

"तुमी लिंबू-चमचा, मॅडम."

मला राग आला. निदान शंभर मीटर तरी म्हणायचं. लांब उडी म्हणायला काय जात होतं? मी कारण विचारलं तर म्हणाले, "लिंबू-चमचा म्हंजे लिंबू-चमचा." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, याचा मला जास्त राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

परीक्षा जवळ आली की सगळ्या शिक्षकांचा डोळा खेळाच्या तासावर असतो. कोर्स राहिलाय, एवढा तास द्या. माझंही व्याकरण राहिलं होतं. मी मागितला, तर सर आनंदाने म्हणाले, "घ्या ना मॅडम. फक्त माह्या तासाले पोट्टे पहिले ग्राउंडचा चक्कर मारते. तेवढा मारून घ्या त्यायच्यासंगं, मंग तुमचं शिकवा." पोरांसमोर नाही म्हणणं मला जमलं नाही. पदर खोचला आणि धावले. चक्कर संपला तेव्हा समास शिकवायला माझ्याकडे दम नव्हता आणि वर्ग हसून हसून ऐकायच्या स्थितीत नव्हता. नंतर मी तो तास कधीच मागितला नाही. दुसऱ्या कोणाला मिळू नये म्हणून ही हकीकत स्टाफरूममध्ये चांगली रंगवून सांगितली.

दहावीचा निकाल लागला की गणिताच्या सरांकडे पेढे येतात, इंग्रजीच्या मॅडमकडे येतात, क्वचित माझ्याकडेही येतात. पी.टी. सरांकडे कोणी पेढे घेऊन आल्याचं मी पाहिलं नाही. तुमच्यामुळे माझी पाठ सरळ राहिली, असं सांगायला कोण पेढे आणणार? मला त्याचं वाईट वाटायचं. एकदा मी स्पष्टच विचारलं, "सर, इतकी वर्षं उन्हात उभे आहात. तुम्हाला यातून मिळतं काय?"

"कालच भेटलं ना बक्षीस," ते खुशीत येऊन म्हणाले. "पुलगावले गेलतो. हेल्मेट नोतं. चौकात पोलिसानं पकडलं. पाह्यतो तं आपलाच पोट्टा, कबड्डीत कोपऱ्यात खेळे. म्या म्हटलं, काऊन रे, वळखलं नाई का? म्हणे, वळखलं सर, पण पावती फाडा लागन." सरांचे डोळे चमकत होते. "नाई सोडलं मॅडम त्यानं मले! म्या शिकवलं होतं त्याले, का एकदा पकड आली का सोडाची नाई. भर चौकात, सगळ्यायसमोर. म्या पावती घेतली आन् त्याले फुटाणे देले."

फुटाण्यांचं सांगायला हवं. सरांच्या पँटच्या उजव्या खिशात कायम फुटाणे असत. स्पर्धा जिंकणाऱ्याला कप मिळे, प्रमाणपत्र मिळे, ते शाळेचं झालं. सरांचं स्वतःचं बक्षीस म्हणजे मूठभर फुटाणे आणि दोन शब्द: "बरं आहे." ते कोणाला मिळतील याचा नेम नसे. बऱ्याचदा हरलेल्यालाच मिळत. आंजीच्या शाळेशी खेळताना एका पोराने, पंचाला दिसलं नव्हतं तरी, आपला पाय रेषेबाहेर पडला म्हणून हात वर केला आणि त्यामुळे आम्ही सामना हरलो. हेडमास्तर परतीच्या गाडीत त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. सरांनी त्याचे दोन्ही खिसे फुटाण्यांनी भरले. पोरांना कपापेक्षा फुटाण्यांची हाव जास्त होती. मागून मात्र ते मिळत नसत. मला कधी मिळाले नाहीत.

आता मैदानाकडे येते. आमच्या शाळेच्या मागे पराट्यांची, म्हणजे कपाशीची, शेतं आणि समोर रस्ता, मधे जे काही मोकळं आहे ते हेच. दिवाळीच्या सुमारास गावातले लोक तिथे सोयाबीन वाळवायला आणत. सरांनी कधी कोणाला हटकलं नाही. ते पहाटे चुन्याची फक्की घेऊन कबड्डीचं मैदान आखत आणि लोक त्या पांढऱ्या रेषेच्या बाहेर आपापले ढीग लावत. ज्यांनी शेताच्या बांधावरून भावाशी भांडण केलं असेल, तेही फक्कीच्या रेषेला पाय लावत नसत. "चुन्याच्या आत कोणी पाहुणा नाई आन् कोणी मालक नाई," असं सर म्हणायचे.

मालक अर्थातच होते. आमच्या संस्थेचे अध्यक्ष. गावातले बडे शेतकरी, पांढरा कडक कुर्ता, वर जाकीट, मिशा काळ्याभोर. माणूस वाईट नव्हता. आल्यागेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. त्यांच्या मनात त्या जागी मंगल कार्यालय बांधायचं होतं. गावातल्यांना लग्नासाठी आर्वीला जावं लागतं ते थांबेल, शाळेलाही चार पैसे मिळतील. पुष्कळांना ते पटत होतं. पोरं कुठे खेळणार याचं उत्तर मात्र कोणाकडे नव्हतं. स्टाफरूममध्ये कुजबुज चाले, पण अध्यक्षांपुढे बोलणार कोण? सरांनीही कधी एक शब्द काढला नाही. ते रोज पहाटे फक्की मारत राहिले.

अध्यक्षांनी ही घोषणा आमच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेच्या दिवशी करायचं ठरवलं. स्टेजवर कार्यालयाच्या चित्राचा मोठा फ्लेक्स पडद्याआड तयार होता. गावाला अर्थात सगळं आधीच माहीत होतं.

आमच्याकडे एक प्रथा आहे. नारळ फुटला की प्रमुख पाहुणे कबड्डीची पहिली चढाई करतात. पाहुणे "कबड्डी, कबड्डी" म्हणत समोरच्या अंगणात शिरतात, दोन-चार पोरांना हात लावतात, पोरं अदबीने बाजूला होतात, पाहुणे मधली रेषा ओलांडून विजयी परत येतात, फोटो निघतो, टाळ्या पडतात. दरवर्षी हे काम दहावीची पोरं करत. त्यांना हरायचा चांगला सराव होता. त्या वर्षी नेमकी दहावीची सराव परीक्षा लागली आणि सरांनी आठवीची पोरं उभी केली. बारकी, पण महिनाभर घोट्याची पकड घोटलेली.

हेडमास्तर माझ्यासमोरच सरांना म्हणाले, "पोरांना सांगितलं ना?"

"सांगतलं ना जी," सर म्हणाले.

काय सांगितलं ते हेडमास्तरांनी विचारलं नाही. सर खेळायच्या आधी पोरांना एकच गोष्ट सांगतात, ती सगळ्या शाळेला पाठ आहे: सोडू नका.

त्या वर्षीचे प्रमुख पाहुणे म्हणून अध्यक्ष जाकिटासकट मैदानात उतरले. चेहरा फोटोग्राफरकडे, एक हात हवेत, तोंडाने सावकाश "कबड्डी, कबड्डी". तिसऱ्या "कबड्डी"ला सगळ्यात बारक्या पोराने खाली सूर मारून त्यांचा घोटा धरला. मग बाकीची सहा जणं आली. अध्यक्ष दिसेनासे झाले, फक्त एक कोल्हापुरी चप्पल तेवढी बाहेर राहिली. सगळं मैदान गप्प. त्या शांततेत सरांची शिट्टी वाजली आणि त्यांनी हात वर केला.

"बाद!"

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष उठले. कुर्त्यावर माती, मिशांत माती. ते तडक माइकपाशी गेले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने हाळी दिली, "काऊन जी अध्यक्ष, ग्राउंडवर पडले म्हून ग्राउंडच बुजवता का आता?"

लोक हसले. अध्यक्षांनी माइक धरला, पडद्याआडच्या फ्लेक्सकडे पाहिलं, मग त्या बारक्या पोराकडे पाहिलं. "मी आज एक गोष्ट सांगाले आलतो," ते म्हणाले. "पण आता सांगतली तं तुमी जलमभर म्हणान, हारला म्हून बुजवलं. तसं नाई चालनार. पहिले मी इथून लाइन शिवून परत येतो. मंग कुदळ मारतो. पुढच्या वर्षी."

टाळ्या कडाडल्या. फ्लेक्स गुंडाळून अध्यक्षांच्या गोठ्यात गेला. आमच्या मैदानाचं आयुष्य असं एका घोट्यावर येऊन ठरलं: अध्यक्ष पकडले जात राहिले तर मैदान राहील, रेषेला हात लागला की कुदळ.

दुसऱ्या दिवशी सरांना मेमो येणार अशी हेडमास्तरांची खात्री होती. मेमो आला नाही. त्याऐवजी काही दिवसांनी, भल्या पहाटे, खुद्द अध्यक्ष आले. हे मला शिपायाने सांगितलं तेव्हा मी विश्वास ठेवला नाही. मग एकदा परीक्षेच्या कामासाठी मी पहिल्या गाडीने आले आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. धुक्यात अध्यक्ष उभे, खाली ट्रॅक पँट, वर तेच जाकीट. सर जमिनीवर पालथे पडून त्यांचा घोटा धरून होते.

"ओढून राह्यलो मास्तर, निंगत नाई!"

"ओढू नका ना जी. ओढला का पकड घट्ट होते. पहिले त्याच्याकडं झुका, हां, झुका. आता पाय सैल सोडा."

पाय सुटला. अध्यक्ष लहान पोरासारखे हसले. मग त्यांनी दम कोंडून "कबड्डी, कबड्डी" करत निंबापासून गेटापर्यंत जायची प्रॅक्टिस सुरू केली. सुरुवातीला ते अर्ध्यातच खोकायला लागत.

ते गेल्यावर मी सरांना गाठलं. मला खरोखर संताप आला होता. "सर, तुम्ही त्यांनाच शिकवताय? ते जिंकले तर मैदान जाईल!"

"जाईन," सर कपडे झटकत म्हणाले.

"मग?"

"मंग का, शिकाले आलेल्या माणसाले परत धाडू? मॅडम, इतके वर्षं झाले, शिक्षा केल्याबिगर सकाळी ग्राउंडवर येणारा हा पहिला विद्यार्थी आहे माह्यावाला."

दुपारी तेच सर आठवीच्या पोरांना घेऊन बसले. घोट्यावर झुकणाऱ्या माणसाला कसं धरायचं ते त्यांनी पोरांना शिकवलं. सकाळी किल्ली बनवायची आणि दुपारी तिला न लागणारं कुलूप, असा त्यांचा उद्योग सुरू झाला. तो पुढे काही वर्षं चालला. कुलूप दरवर्षी थोडं चांगलं निघत असे.

दुसऱ्या वर्षी अध्यक्ष जाकीट काढून उतरले आणि पकडले गेले. तिसऱ्या वर्षी चप्पल काढून उतरले, दोघांना शिवले आणि पकडले गेले. चढाई बघायला वडनेरपासून त्यांचे सोयरे येऊ लागले. अध्यक्षांचं पोट उतरलं, मिशांचा काळा रंग घामाने जायला लागला म्हणून त्यांनी तो लावणंच सोडलं. त्यांच्या बायकोने सरांच्या घरी सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा पाठवला. नवऱ्याचं घोरणं बंद झालं होतं. सरांनी डबा स्टाफरूममध्ये उघडला आणि म्हणाले, "घ्या. हे बी बक्षीसच."

मग सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. त्यांच्या जागी नवा माणूस मिळणार नाही हे हेडमास्तरांनी मीटिंगमध्ये सांगितलं. खेळाचा तास ज्याच्याकडे कमी तास असतील त्याच्याकडे जाईल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सर दाराला टेकून उभे होते. मला मात्र रडू येईल की काय असं झालं. माझ्या तासांचं मला एवढं नव्हतं. मी कसली घोट्याची पकड शिकवणार? या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी अध्यक्ष रेषा शिवणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आता ते "कबड्डी, कबड्डी" म्हणत निंबापासून गेटापर्यंत जात आणि त्याच दमात परतही येत. ते मी कितीदा तरी ऐकलं होतं.

स्पर्धेच्या सकाळी हेडमास्तरांनी सरांना बाजूला घेतलं. "सर, शेवटचं वर्ष आहे. या वेळी पोरांना जरा सांगा. त्यांचाही मान राहील, तुमचाही निरोप छान होईल."

"सांगतो ना," सर म्हणाले. ते पोरांकडे गेले. काय सांगितलं ते मला ऐकायची गरज नव्हती.

मी निंबाखाली लोखंडी खुर्चीवर बसले होते. नारळ फुटला. अध्यक्षांनी जाकीट काढून हेडमास्तरांच्या हातात दिलं, अनवाणी होऊन मधल्या रेषेला नमस्कार केला आणि आत शिरले. फोटोग्राफरकडे त्यांनी बघितलंही नाही. आवाज खालचा, एकसारखा. एकाला शिवले, दुसऱ्याला शिवले. त्या वर्षीच्या बारक्या पोराने घोटा धरला. अध्यक्ष ओढायच्या ऐवजी त्याच्याकडे झुकले आणि पाय चिखलातून निघावा तसा अलगद बाहेर आला. लोक उभे राहिले. पण पोरांना पुढचं शिकवलेलं होतं. तिघं कमरेला लागली, दोघं पुन्हा पायांना. अध्यक्ष त्या सगळ्यांना ओढत मधल्या रेषेकडे निघाले आणि धाडकन पालथे पडले. हात पुढे ताणलेला. बोटं आणि पांढरी फक्की यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढी जागा. तोंडाने अजून चालूच होतं, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी".

सर रेषेपाशी उकिडवे बसले होते. पंचाने बसायचं असतं तसे, शिट्टी तोंडात धरून. अध्यक्षांनी मान वर केली. समोर सरांचा चेहरा होता, हातभर अंतरावर. अध्यक्षांनी त्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज थांबला.

सरांनी लगेच शिट्टी मारली नाही. असं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी ती मारली आणि हात वर केला.

"बाद."

"दम तुटला, मास्तर," अध्यक्ष जमिनीवरूनच म्हणाले.

पोरं नाचायला लागली. मी पाहिलं, अध्यक्षांना धाप लागलेली नव्हती. हेडमास्तर जाकीट घेऊन धावत आले. "साहेब, मग ते कुदळीचं...?"

"पुढच्या वर्षी पाहू."

"पण पुढच्या वर्षी सर नाहीत. पोरांना पकड शिकवणार कोण?"

अध्यक्ष उठून कुर्ता झटकत होते. "मी राह्यतो ना इथी रोज सकाळी," ते म्हणाले. "मीच शिकवतो ना पोट्ट्यायले. माहाच तं घोटा आहे."

सरांनी उजव्या खिशात हात घातला. मूठ भरून फुटाणे काढले आणि अध्यक्षांच्या मातीने भरलेल्या तळहातावर ठेवले.

"बरं आहे," ते म्हणाले.

अध्यक्षांनी ते तिथेच, हजार माणसांसमोर, मातीसकट तोंडात टाकले. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, ते मी पदराने पुसलं.

सर निंबाकडे आले. गळ्यातून शिट्टी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. पुढच्या शर्यतीसाठी पाचवीच्या पोरी दातांत चमचे धरून रेषेवर येत होत्या.

"उठा, मॅडम," सर म्हणाले.

मी उठले. सरांनी खुर्चीवरचा निंबाचा पाला रुमालाने झटकला आणि ते बसले.